स्टेशनाजवळची खोली

आबांना उधन्याची खोली मिळाली तेव्हा ते गावी येऊन ज्याला त्याला सांगत सुटले, "गाडीतून उतरलं की आपलं घर दिसतं." खरं तर दिसत नव्हतं. मध्ये मालधक्क्याची भिंत होती, भिंतीपलीकडे लाकडाची वखार. पण स्टेशनाबाहेर पडून वखारीला वळसा घातला की आमची गल्ली लागायची आणि गल्लीतल्या कडुनिंबासमोरचं दार आमचं. आबांनी हे इतक्या कौतुकाने सांगितलं, की ज्यांना स्वतःच्या लेकीच्या सासरचा पत्ता धड सांगता येत नव्हता त्यांनाही आमचा पत्ता पाठ झाला. पुढे आमचं जे वाकडं झालं त्याची सुरुवात मी तिथूनच धरते.

आमचं गाव दोंडाईच्याकडचं. भुसावळकडून येणारी गाडी सुरतेच्या आधी उधन्याला थांबते, त्यामुळे खानदेशातून निघालेला माणूस अर्धवट झोपेत उतरला तरी आमच्या दारात पोचायचा. आबा कापडाच्या मिलमध्ये फोल्डिंगला, म्हणजे कापडाच्या घड्या घालायला होते. मिल घरापासून चालत जाण्यासारखी. माझी मराठी शाळा रुळांच्या अलीकडेच होती. दवाखाना, दळण, भाजीचा शाकबजार, सुरतेला जाणारी बस, सगळं हाकेच्या अंतरावर. आबा म्हणायचे, "सगळं पायाखाली आहे आपल्या." नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि मी तेव्हा पाचवीत होते. माझी धाकटी बहीण अजून मायच्या कडेवर होती.

मायला ती जागा का आवडली हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. गावात तिच्या पायांना दोनच वाटा ठाऊक होत्या, नदीची आणि शेताची, आणि त्याही जाऊबाई नाहीतर नणंद बरोबर असली तरच. उधन्याला आल्यावर पहिले काही दिवस ती दाराबाहेरही पडली नाही. शेजारी एक गुजराती बेन राहायच्या, विधवा, घरी पापड करून विकायच्या. त्यांनी एके दिवशी मायच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, "चालो, शाक लई आवीए." दोघी भाजी आणायला गेल्या. दुसऱ्या आठवड्यात माय एकटी गेली. मग तिचा पाय असा सुटला की विचारू नका. साड्यांना टिकल्या लावायचं काम तिने मिळवलं. गठ्ठे ती स्वतः व्यापाऱ्याच्या गाळ्यावरून आणायची आणि पुरे झाले की डोक्यावर घेऊन पोचवायची. जाताना एका रस्त्याने, येताना दुसऱ्या. मला शाळेत सोडायची गरज नव्हती, तरी यायची. एकदा तर बसमध्ये बसून चौकबजारपर्यंत जाऊन तापी बघून आली. आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "नदी काय बघायची त्यात?" माय म्हणाली, "मोठी आहे."

त्या काळातला तिचा चेहरा मला आठवतो, म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतो.

आधी काका आले. आबांचे धाकटे भाऊ. पहाटेच्या गाडीने उतरले, पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली आणि हसत म्हणाले, "वैनी, गाडीमाईन उतरनू नि सरळ आठेच उनू." गाडीतून उतरलो तो सरळ इथेच आलो, असं. घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलत असू. मायने चहा टाकला. काकांना लूमवर काम मिळालं, सुटलं, पुन्हा मिळालं. मालक नीट बोलत नाही म्हणून तेही सोडलं. मग काकू आली, काकांची मुलगी आली. खोली एकच, कोपऱ्यात मोरी. माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यात काकांची पेटी बसली आणि त्यावर अंथरुणं. मी बाहेर ओट्यावर अभ्यास करायची. वर्षभर राहून ते शेतीच्या हंगामाला गावी गेले, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा तीच पेटी घेऊन आले. नंतर हे दर वर्षाचंच झालं.

ते नसत तेव्हा दुसरं कुणी असायचं. कोणी नोकरीच्या शोधात, कोणी लग्नाचा बस्ता बांधायला, कोणी मुंबईच्या गाडीला वेळ आहे म्हणून नुसतं आंघोळीला. "स्टेशनाजवळच तर आहे," असं म्हणूनच सगळे दार वाजवायचे. मायची चूल विझत नव्हती. पाय पसरायला जागा नसलेल्या खोलीत साड्या कुठे पसरणार? व्यापारी दोनदा तीनदा थांबला, मग त्याने तिचे गठ्ठे दुसरीला दिले.

आबांची विधवा बहीण, आमची आत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला आली. गावच्या घरात ती काकांबरोबर राहायची, आणि त्या घरात अर्धा वाटा आबांचा होता. ऑपरेशन सुरतेच्या इस्पितळात झालं. माय तिला हात धरून बसपर्यंत न्यायची, बसमधून उतरवायची, वेळच्या वेळी डोळ्यांत औषध घालायची, तिची न्हाणीधुणी करायची. आत्या पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या भावजयीने मला लेकरासारखं सांभाळलं." पट्टी सुटल्यावर तिने पहिल्यांदा मायचा चेहरा चाचपला आणि रडली. ते रडणं खोटं नव्हतं. हेच मला अजून उमगत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या भादव्यात सुरतेत प्लेग आला. त्याआधी पूर येऊन गेला होता. गणपती बुडाले आणि दुसऱ्यातिसऱ्या दिवशी गल्लीत बातमी आली की इस्पितळात माणसं पटापट मरतायत. दुपारपर्यंत कापडाची दुकानं बंद. संध्याकाळी लोक तोंडाला रुमाल बांधून आमच्या वखारीवरून स्टेशनाकडे जायला लागले. कुणाच्या डोक्यावर गादी, कुणाच्या खांद्यावर म्हातारी. आम्ही ओट्यावर उभं राहून ती रांग बघत होतो. खरं तर ती रांग नव्हतीच, लोंढा होता. मिलने कॅप्सूल वाटल्या आणि दाराला कुलूप लावलं.

शेजारच्या बेन जायला तयार नव्हत्या. "मी कुठे जाऊ? माझं कोण आहे?" असं त्या गुजरातीत म्हणाल्या. मायने आबांना सांगितलं, "आपणही राहू. दार लावून घेऊ."

"वेडी आहेस का? पोरी आहेत पदरात. गावात आपली माणसं आहेत."

आम्ही निघालो. गाडीत शिरलो कसे ते मला सांगता येणार नाही. आबांनी मला खिडकीतून आत ढकललं आणि बहिणीला माझ्या अंगावर टाकलं. बारडोली गेलं, व्यारा गेलं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुणी खोकलं की सगळे त्याच्याकडे बघायचे.

दोंडाईच्याहून गावापर्यंत चालत आलो. पाणंदीच्या तोंडाशी बाभळीखाली काही माणसं उभी होती. तोंडाला उपरणी गुंडाळलेली, त्यामुळे आधी कुणी ओळखू आलं नाही. मग त्यातल्या एकाने हात वर केला.

"भाऊ, तिथेच थांबा."

ते काका होते.

आबा हसले. त्यांना वाटलं सामान घ्यायला आला. "अरे, आम्हीच आहोत."

"माहीत आहे. पण गावाचं ठरलंय. सुरतेहून आलेल्याला आत घ्यायचं नाही."

"माझ्या घरात जायला गावाला विचारू?"

"भाऊ, माझंही लेकरू आहे घरात."

आबांनी माझ्याकडे, बहिणीकडे बोट केलं. मायने पदर पुढे ओढून घेतला. इतक्या वर्षांत उधन्याला मी तिला पदर ओढताना पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, "खळ्यातल्या झोपडीत राहा. दहाबारा दिवसांनी बघू. भाकरी पोचती करतो."

भीती खोटी नव्हती, हे आज मला कळतं. त्या दिवसांत कोण कुणाला घरात घेणार होतं? पण काकांनी माझ्या आईच्या ताटात किती वर्षं जेवण केलं हे मला माहीत आहे, आणि त्या बाभळीखाली आम्हाला अडवताना त्यांना ते जराही जड गेलेलं दिसलं नाही. ते बोलले आणि वळून गेले. पितरपाटाचे दिवस होते. गावात घरोघरी मेलेल्यांना जेवायला बोलवत होते.

झोपडीत कडबा रचलेला होता. आम्ही तो एका बाजूला सारला. संध्याकाळी आत्या भाकरी घेऊन आली. लांबूनच थांबली, एका दगडावर जर्मनचं पातेलं ठेवलं आणि चार पावलं मागे सरकली. माय पुढे गेली तसं ती घाईने म्हणाली, "ते भांडं परत पाठवू नकोस."

"बरं," माय म्हणाली.

"डोळ्यांना आता बरं दिसतं हं वैनी," आत्या म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली असेल.

मायने पातेलं उचललं आणि आत आणलं. भाकरीबरोबर चटणी होती. आम्ही खाल्लं. मायने नाही.

तिसऱ्याचौथ्या दिवशी बहिणीला ताप भरला. दात वाजायला लागले. आबा पाणंदीपर्यंत गेले आणि हाका मारून आले. कुणी आलं नाही. पण ताप आल्याची बातमी मात्र गावात पोचली, कारण त्या संध्याकाळी भाकरी आली नाही. दगड रिकामा होता.

सकाळी मायने बहिणीला लुगड्याच्या झोळीत पाठीला बांधलं. सडकेवर जीपवाल्याने आम्हाला बघून गाडी हळू केली, मग कुठून येताय ते विचारलं आणि निघून गेला. माय थांबली नाही. ती चालायलाच लागली. मागे आबा, त्यांच्या मागे मी. ऊन चढलं होतं आणि सडकेला सावली नव्हती. मी आबांना म्हटलं, मायला जरा बसू दे. आबा म्हणाले, "तूच सांग तिला." मी सांगितलं नाही. शाकबजारातून येताना ती अशीच चालायची, मान सरळ ठेवून, एका लयीत. फरक एवढाच की आता ती आजूबाजूला काही बघत नव्हती.

दोंडाईच्याच्या डॉक्टरने विचारलं, "कुठून आलात?"

आबा गावाचं नाव सांगणार होते. माय मध्येच म्हणाली, "उधन्याहून. सुरत."

डॉक्टर उठून उभा राहिला. पण त्याने आम्हाला हाकललं नाही. नाकाला रुमाल बांधला, आम्हाला व्हरांड्यात बसवलं, तिथेच बहिणीचं रक्त घेतलं आणि दुपारी येऊन सांगितलं, "हिवताप आहे. साधा हिवताप. घाबरू नका." गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. तापाने लाल झालेली माझी बहीण संध्याकाळी पाणी मागायला लागली.

आबा म्हणाले, "चला, आता गावाला सांगता येईल. हिवताप आहे म्हटल्यावर घेतील घरात."

माय बहिणीला पाठीला बांधत होती. ती म्हणाली, "आता घर जाऊत."

"तेच म्हणतोय."

"उधन्याला."

"अगं तिकडे माणसं मरतायत. सामान झोपडीत राहिलंय सगळं."

"राहू दे," असं म्हणून ती स्टेशनाकडे चालायला लागली.

सुरतेकडे जाणारी गाडी रिकामी होती. पूर्ण डब्यात आम्ही चौघं आणि एक पोलीस. मायने बहिणीला एका बाकावर निजवलं आणि समोरच्या बाकावर स्वतः आडवी झाली. नवापूरपासून उधन्यापर्यंत ती झोपली. उधन्याला उतरलो तर फलाटावर चुन्याची पांढरी पूड टाकलेली. गल्लीत कुत्रीसुद्धा दिसेनात. बेन ओट्यावर पापडाचं पीठ कुटत होत्या. आम्हाला बघून त्यांनी बत्ता खाली ठेवला. "आवी गया?" एवढंच म्हणाल्या. त्यांनी तोंडाला काही बांधलं नाही. उठल्या, बहिणीला मायच्या पाठीवरून घेतलं आणि तिच्या कपाळाला गाल लावून ताप पाहिला. माय तेव्हा रडली, ओट्यावर बसून, मोठ्याने.

इथे गोष्ट संपली असती तर मी तिला बरी म्हटलं असतं.

महिन्यादोन महिन्यांत शहर पूर्ववत झालं. लूमचे संचे सुरू झाले, गाड्या भरल्या. मायला तिचे साडीचे गठ्ठे पुन्हा मिळाले. दिवाळी झाली आणि एका पहाटे दार वाजलं. बाहेर काका, पेटी घेऊन. जणू मध्ये काही झालंच नव्हतं. "वैनी, चहा टाका. थंडी फार आहे गाडीत." दुसऱ्या हातात आमची झोपडीत राहिलेली पिशवी. "ही तुमची राहिली होती. जपून ठेवली मी."

माय दारातच उभी होती. तिने आबांकडे बघितलं. मी पण बघितलं. आबा लुंगी सावरत उठले आणि म्हणाले, "ये, बस."

मायने चहा केला. कप काकांसमोर ठेवला आणि ती बाहेर निघून गेली, ती थेट दुपारी आली. त्यानंतर काका असेपर्यंत तिने त्यांना वाढलं पण ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. काकांना त्याचं काही वाटलं नाही. काकूला पत्र गेलं. थोड्याच दिवसांत ती मुलीला घेऊन आली.

एका दुपारी आबा जेवत होते तेव्हा मायने विषय काढला. "त्यांना सांगा, दुसरी खोली बघा म्हणावं."

"सख्ख्या भावाला कसं सांगू?"

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

आबा घास चघळत राहिले. मग म्हणाले, "स्टेशनाजवळ राहतो म्हणून येतात गं सगळे. घरच लांब असतं तर कोण येणार होतं?"

माझ्या वडिलांना भावाला नाही म्हणता आलं नाही, म्हणून त्यांनी घर बदललं. ऐकायला विचित्र वाटतं, पण झालं हेच. शहराच्या कडेला, गोडादऱ्याला नवे प्लॉट पडत होते. मिलमधल्या कुणीतरी जागा दाखवली. आबा खूश झाले, कारण त्यांना कुणाशी वाईटपणा न घेता सुटता येत होतं. माय म्हणाली होती, एकतर त्यांना सांगा, नाहीतर आपण दुसरीकडे जाऊ. तिला वाटलं नव्हतं ते हे करतील.

गोडादऱ्याला तेव्हा अर्धी शेतंच होती. रिक्षा फाट्यापर्यंत यायची, पुढे चिखलातून चालत. पाणी टँकरचं. बस नव्हती. आबा सायकलवरून मिलला जायचे आणि पाळी संपवून आले की बोलायची ताकद नसायची. व्यापाऱ्याने मायला सांगितलं, एवढ्या लांब गठ्ठा नेऊन परत कधी आणणार तुम्ही? पहिल्या पावसाळ्यात एक गठ्ठा तिच्या डोक्यावरून चिखलात पडला. त्यानंतर तिने ते काम सोडलं. शाकभाजीची लारी, म्हणजे हातगाडी, दारात यायची, तिच्यावरचंच घ्यायची. हळूहळू तिच्या पायांची सवय गेली. बेन अधूनमधून भेटायला येत, मग त्यांचेही गुडघे धरले.

मी दहावी कशीबशी दिली. पास झाले. अकरावीची शाळा उधन्याच्याही पलीकडे होती. आबा म्हणाले, "येताजाताना काळोख होतो, रस्ता चांगला नाही. आणि शिकून तरी..." पुढचं ते बोलले नाहीत. माय काही म्हणाली नाही. तिने म्हणायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. मी घरात बसून साड्यांना लेस लावायला शिकले.

आमची उधन्याची खोली काकांनीच घेतली. आबांनीच घरमालकाकडे शब्द टाकला, "माझाच भाऊ आहे, चांगला माणूस आहे." काकांनी मोरीला फरशी बसवली, दाराला रंग दिला. एकदा गावातला कुणी पाहुणा पहाटे त्यांच्याकडे गेला तर काकूने खिडकीतून सांगितलं, "घरात जागा नाही हो, पोरीची परीक्षा आहे." तो पाहुणा तिथून चालत आमच्याकडे गोडादऱ्याला आला. दमलेला, चिखलाने भरलेला. मायने त्याला पाय धुवायला पाणी दिलं.

काकांची मुलगी माझ्याच शाळेत शिकली, त्याच वाटेने चालत गेली. पुढे बारावी झाली आणि बसने सुरतेच्या कॉलेजात जायला लागली. तेव्हा काका, काकू आणि ती पेढे घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे आले. फाट्यावर रिक्षा सोडून चालत आले होते. काकू साडीच्या निऱ्या झटकत म्हणाली, "बाई गं, किती लांब राहता तुम्ही!"

आबा म्हणाले, "हवा मात्र चांगली आहे इकडे."

काकांनी मायच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. "वैनी, तोंड गोड करा. तुमच्याच आशीर्वादाने झालं." मायने पुडा घेतला, देवाजवळ ठेवला आणि चहाला आत गेली. मी तिच्या मागे गेले. ती स्टोव्हला पंप मारत होती आणि तो पेटत नव्हता. मी म्हटलं, "दे, मी करते." तिने दिला नाही. बाहेर आबा पुतणीला विचारत होते कॉलेजात काय काय शिकवतात, आणि ती सांगत होती, गुजरातीत, भराभर, आणि आबा मान डोलवत होते.

ते गेल्यावर मायने पेढ्यांचा पुडा उचलून शेजारच्यांच्या पोरांना देऊन टाकला. आबा म्हणाले, "एक तरी ठेवायचा होता." ती उंबऱ्यात बसून पायांना खोबरेल चोळत राहिली.